पन्नासाव्या प्रयोगापर्यंत

नाटकात शिरू पाहणारी मुलं भेटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ओळख लागते का हो?’ लागते. पण ती तालमीच्या हॉलवर सतरंजी झटकताना, सेट टेम्पोत चढवताना होते. संगीत नाटकाच्या काळात होतकरू मुलगा थेट कंपनीच्या बिऱ्हाडातच दाखल व्हायचा. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. कंपन्या मोडल्या आणि नट घडवणारी ती घरंही गेली.

त्यांची जागा पुढे नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांनी घेतली. निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून आले, माळीकाम करता करता. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं हौशी नाटकं केल्यावर १९६९ साली, चाळिशी उलटून गेल्यावर, त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. उशीर झाला म्हणून खंतावणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो.

आज बहुतेकांची सुरुवात एकांकिकेनं होते. पुण्यात १९६३पासून चाललेला पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिरातल्या त्या आरोळ्या, रात्ररात्र चाललेल्या तालमी. याखेरीज राज्य नाट्य स्पर्धा आहे. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी इथं रीतसर शिक्षणही मिळतं. स्पर्धेतून मुलं धाडस शिकतात, गटानं काम करायला शिकतात. पण महिनाभराची मेहनत एका प्रयोगात संपते, अंतिम फेरी गाठलीच तर दोन. नट घडायला हे पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. तेच वाक्य पन्नासाव्यांदा, वेगळ्या गावात, थकलेल्या घशानं, तरी नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचं, ही विद्या प्रयोगांच्या संख्येनंच येते.

म्हणूनच मला झाडीपट्टी रंगभूमीचं फार अप्रूप वाटतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात कापणी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री मंडपात नाटक, आणि ते पहाटेपर्यंत. वडसा हे या मंडळ्यांचं मुख्य ठाणं. आज या गावात, उद्या त्या. नवख्या नटाला हंगामभर दम खायला उसंत नाही. गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशाच हजारो रात्रींच्या कामाची. मुंबई-पुण्याच्या मुलांनी एखादा हंगाम तिकडे जाऊन पाहावा.

एका व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यात मी एक मुलगा पाहिला होता. वाट्याला तीन वाक्यं. दार उघडायचं, निरोप सांगायचा, जायचं. पडदा उघडण्याआधी तो रिकाम्या रंगमंचावर येऊन त्या दाराची कडी चार-पाच वेळा काढून-लावून बघायचा. दर गावात सेट थोडा वेगळा बसतो आणि कडी अडकते म्हणून. उरलेला वेळ विंगेत उभा. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचं दुसरं वाक्य हशात बुडून जायचं. पुढे पुढे तो थांबू लागला. हशा ओसरायला लागला की नेमका तेव्हाच बोलायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला ‘नाइट’, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळायची ती प्रयोग झाला तरच. तालमीच्या महिन्या-दीड महिन्याचं काही नाही. परगावाहून आलेल्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला हा काळ सर्वांत जड जातो. याच दिवसांत मालिकेचं बोलावणं येतं आणि तो जातो; त्याला दोष कसा द्यायचा? निर्मात्यांचं गणित अवघड आहे, शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळं चालतं, हे मी जाणतो. तरीही तालमीच्या दिवसांचा जेवणाखाणाचा आणि प्रवासाचा खर्च तरी नवख्यांना मिळालाच पाहिजे. नाटक उभं करायच्या खर्चात सेट, कपडे, जाहिरात हे सगळं पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. त्याच कागदावर ही एक ओळ वाढवावी.