गंजलेल्या गिरमिटांची निगा

वसईच्या दक्षिणेस व उत्तरेस खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र असल्याने येथील हवा खारी आहे. हवेतील मिठाचे सूक्ष्म कण लोखंडावर बसून ओलावा शोषून घेतात व त्यामुळे गंज लवकर चढतो. विहिरींवर रहाट चालत होते त्या काळातील सुतारकामाची गिरमिटे अनेक वाड्यांत माळ्यावर अशीच गंजत पडलेली आढळतात. ती भंगारात घालण्यापूर्वी पारखून पाहावीत. त्यांचे पोलाद बहुधा उत्तम असते.

प्रथम टोकाचे मळसूत्र पाहावे. तेच गिरमिटाला लाकडात ओढून नेते. त्याचे आटे पार झिजले असतील, तर पुढील श्रम व्यर्थ होत. आटे शाबूत असल्यास तारेच्या ब्रशाने सुटा गंज झाडावा व गिरमीट शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, पूर्ण बुडवून ठेवावे. चिंचेच्या दाट कोळानेही काम होते, मात्र वेळ अधिक लागतो. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून घासावे. आम्ल गंजाप्रमाणेच पोलादही खाते. म्हणून गंज सुटताच गिरमीट काढून घ्यावे, दिवसेंदिवस विसरून राहू नये. तीव्र आम्ल वापरणे तर सर्वथा टाळावे. त्याच्या वाफेने जवळची इतर हत्यारेही गंजतात.

नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. ते वापरल्यास केलेले काम वाया जाते. लगेच पुसून उन्हात कडक वाळवावे. विस्तवावर धरू नये, पोलादाचे पाणी उतरते.

मळसूत्राच्या आट्यांतील मळ तेलात भिजविलेल्या सुतळीने काढावा. धार लावताना बारीक कानस कडेच्या काट्यांच्या आतील बाजूनेच फिरवावी. बाहेरून घासल्यास काट्यांनी कापलेले भोक गिरमिटाच्या अंगापेक्षा अरुंद पडते, गिरमीट अडकते व जोर करताच मोडते. उतावीळपणे हीच चूक वारंवार होते आणि ती पुढे सुधारता येत नाही.

शेवटी यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. जवसाचे तेल वाळून चिकट होते, म्हणून ते लावू नये. गोणपाट ओल धरते. त्यात न गुंडाळता तेलाच्या फडक्यात गुंडाळून चुलीपासून दूर, कोरड्या पेटीत ठेवावे व पावसाळ्यात दर पंधरवड्यास पाहावे.