राणी पाकोळी

महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा आणि राज्यपुष्प ताम्हण, हें शाळकरी मुलेंही सांगतात. राज्याचें फुलपाखरूं कोणतें, असें विचारतांच मात्र वडील मंडळीही आढ्याकडे पाहूं लागतात! इ. स. २०१५ च्या जून महिन्यांत हा मान राणी पाकोळीस मिळाला. फुलपाखरास असा मान देणारें महाराष्ट्र हें भारतांतील पहिलें राज्य होय.

पंख पसरले असतां ही पाकोळी बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. मखमली काळा रंग, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि तींत काळ्या ठिपक्यांची ओळ. संस्कृत काव्यांत दिव्यावर झडप घालणारा पतंग पदोपदीं भेटतो. दिवसाउजेडींच्या या शोभेची उपेक्षा झाली, असें आम्हांस वाटतें.

भारत आणि श्रीलंका हें हिचें माहेर. तिला दाट, ओलसर रान लागतें. भिवंडीच्या वायव्येस तुंगारेश्वराकडे किंवा ईशान्येस तानसेकडे पावसाळ्यांत व त्यानंतर गेल्यास, ओढ्याकांठच्या ओल्या मातींतील क्षार शोषीत बसलेले नर दृष्टीस पडतात.

परंतु रान म्हणजे नुसती सावली नव्हे. मादी अंडें घालते तें लिंबाच्या कुळांतील झाडावर: रानांत माकडलिंबू, घराकडे पपनस किंवा लिंबू. हें झाड गेलें कीं पाकोळी गेली. इंग्लंडच्या पूर्वेकडील दलदलींत तांब्याच्या रंगाचें एक फुलपाखरूं असे. एकोणिसाव्या शतकांत शेतीसाठीं दलदल कोरडी केली, अळीची पाणवनस्पती दुर्मिळ झाली आणि तें फुलपाखरूं त्या देशांतून नाहींसें झालें. भिवंडीभोंवतीं शेतें आणि परसें मोडून गोदामें उभीं राहिलीं आहेत. राज्याच्या मानपत्रावर अंडें घालतां येत नाहीं!

ज्यांच्या परसांत अद्याप पपनस किंवा लिंबू आहे, त्या गृहिणींस आमची विनंती आहे कीं, कुरतडलेलें पान दिसतांच औषध फवारूं नये. अळी बहुधा लिंबावरील दुसऱ्या, नित्याच्या फुलपाखराची निघेल. तरी थोडें थांबावें. लहानपणीं ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढें हिरवीगार होते. डिवचल्यास डोक्यामागून दुबेळकें शिंग काढून उग्र दर्प सोडते. मुलांनीं भिऊं नये. तें शिंग टोचत नाहीं.