‘लवकर फुलणारं’ गांजाचं बी : पेरलं तर १० वर्षांची शिक्षा, जमीनमालकही अडकू शकतो

इन्सुली : ‘लवकर फुलणारी जात, दोन-तीन महिन्यांत तयार’ अशी गांजाच्या परदेशी बियांची माहिती आता मोबाईलवर सहज दिसते. काजूचा दर पडला की असल्या ‘झटपट’ पिकाकडे कोणाचंही लक्ष जाईल. पण बी मागवण्याआधी हे वाचा.

लवकर फुलतं म्हणजे काय?

गांजाचं झाड शेवंतीसारखं, रात्र मोठी होऊ लागली की फुलतं. थंड देशांत तोपर्यंत गारठा सुरू होतो आणि फुलं वाया जातात. म्हणून तिकडे लवकर फुलणाऱ्या जाती तयार झाल्या. काही जाती तर दिवस लहान की मोठा हे न बघता, ठरावीक वय झालं की फुलतात. म्हणजे ही सोय तिकडच्या हवामानासाठी आहे. आपल्या कायद्यात मात्र लवकर आणि उशिरा असा फरकच नाही.

कायदा काय सांगतो?

अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) १९८५ चा आहे. कलम ८ नुसार गांजाचं झाड लावायलाच बंदी आहे. कलम २० नुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तीन गैरसमज

‘फुलं यायच्या आधी तो गांजा नव्हेच.’ कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे, हे खरं. पण लागवडीचा गुन्हा झाडावर ठरतो, फुलावर नाही.

‘एक किलोपर्यंत चालतं.’ चालत नाही. एक किलोपर्यंतचा गांजा जवळ सापडला तर शिक्षा कमी, म्हणजे १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लागवडीला अशी सवलत नाही. परसात कुंडीत लावलं तरी लागवडच.

‘पत्रादेवी ओलांडली की चालतं.’ हा कायदा केंद्राचा आहे. इन्सुलीत आणि गोव्यात तो सारखाच लागू आहे.

उत्तराखंडात हेम्पची लागवड होते, हे खरं. पण ती परवाना घेऊन आणि नशेचा अंश अगदी कमी असलेल्या जातींची. त्या बातमीच्या भरवशावर इथे बी टाकू नये.

बाग दुसऱ्याकडे असेल तर?

आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. मालक मुंबईला, बाग कराराने दुसऱ्याच्या हातात, असं घरोघरी आहे. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत अशी झाडं आहेत हे कळलं, तर मालकाने लगेच खबर द्यायची असते. माहीत असून गप्प राहिलात तर तुम्हीही शिक्षेला पात्र. कलम ४७ मध्ये हीच जबाबदारी सरपंच आणि गावकामगारांवरही टाकली आहे. म्हणून करार लेखी करा, कोणतं पीक घ्यायचं ते त्यात लिहा आणि वर्षातून दोन-तीनदा तरी बागेत स्वतः फेरी मारा.

झाड दिसलं तर

स्वतः उपटू नका, जाळूही नका. पुरावा नष्ट केल्याचा संशय उलट तुमच्यावर येईल. पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. अमली पदार्थांसाठी १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाईनही आहे.

पीक तीन महिन्यांचं, पण त्यापायी कोर्टाच्या फेऱ्या किती वर्षं माराव्या लागतील याचा हिशेब बी विकणारा सांगत नाही.