पिंजऱ्यातला न संपणारा सुकाळ

आपल्याकडच्या दुकानांत ‘लव्हबर्ड’ म्हणून जो हिरवा, पिवळा किंवा निळा इवलासा पोपट मिळतो, तो बहुतेक वेळा बजी असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथं पावसाचा भरवसा नाही. पाऊस झाला, गवताला बी धरलं, की थवेच्या थवे झाडांच्या ढोलीत अंडी घालतात; बी संपलं की वीणही थांबते. 1840 मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले, आणि पुढे हा पक्षी जगभरच्या पिंजऱ्यांत पोचला. शरीराचा हिशेब मात्र जुनाच राहिला. वाटीत राळा, भांड्यात पाणी आणि कोपऱ्यात टांगलेलं मडकं दिसलं, की मादीच्या लेखी सुकाळ आला. तो आपण बाराही महिने चालू ठेवतो. घरच्या विणीतल्या कितीतरी अडचणींचं मूळ मला इथं दिसतं.

सगळ्यात जीवघेणी अडचण अंडं अडकण्याची. जेमतेम 30 ते 40 ग्रॅमची मादी दिवसाआड एक अशी 4 ते 6 अंडी घालते. कवचाचं कॅल्शियम ती खाण्यातून आणि हाडांतल्या साठ्यातून काढते. अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. राळा-बाजरीत ते फार कमी. एकामागून एक विणी झाल्या की साठा आटतो, कवच मऊ पडतं आणि अंडं अडतं. मादी पिसं फुलवून तळाशी बसते, कुंथते, शेपटी खालीवर हलत राहते. अशा वेळी पोट दाबू नये. अंडं आत फुटलं तर पक्षी हातचा जातो. ऊब द्यावी आणि तातडीनं पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगलेला हवा आणि कोवळं ऊनही हवं. पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही: ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. मादी वर्षाची होईपर्यंत मडकं देऊच नये.

अंडी रिकामी निघाली म्हणून लगेच फेकून देण्याची घाई पुष्कळजण करतात. उबवणीला आठवडा झाला की अंधारात अंड्यामागे टॉर्च धरावा. जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं. रिकामी अंडी लगेच काढली तर मादी पुन्हा घालायला बसते आणि उरलंसुरलं कॅल्शियमही खर्च करते. ती काही दिवस तशीच राहू द्यावीत. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर आधी बसायची दांडी डळमळते का ते तपासावं. पाय घट्ट रोवल्याशिवाय जोडी नीट जुळत नाही.

पिल्लं साधारण 18 दिवसांनी अंड्यातून बाहेर येतात, पण एकाच दिवशी नाही. थोरलं चांगलं बाळसं धरत असताना धाकटं नुकतंच कवचाबाहेर आलेलं असतं आणि गर्दीत चेंगरतं. त्यातून मडक्याचा तळ गुळगुळीत असेल तर पाय बाजूला फाकतात आणि पुढे तसेच राहतात. तळाशी लाकडाच्या भुशाचा थर दिला, की पंजाला पकड मिळते.

एका वर्षात दोन विणी पुरेत. दुसऱ्या खेपेची पिल्लं स्वतः दाणे टिपू लागली की मडकं काढून घ्यावं, आणि घरातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असेल तर पिंजऱ्यावर संध्याकाळीच कापड टाकावं. मादी काही दिवस कोपरे कुरतडत मडकं शोधते. तरी ते परत टांगू नये.