वाघ दिसला, पराटी दिसली नाही

नागपूरहून सिवनीच्या रस्त्याने दोनेक तासांत पेंचचं तुरिया गेट येतं. याच जंगलात, मध्य प्रदेशच्या हद्दीत, बीबीसीच्या ‘टायगर : स्पाय इन द जंगल’ या मालिकेचं चित्रीकरण झालं. २००८ साली ती तीन भागांत दाखवली गेली. जॉन डाउनर यांच्या चमूने लाकडाच्या ओंडक्यात कॅमेरे दडवले आणि ते सोंडेत धरून वाघांजवळ नेण्याचं काम हत्तींना शिकवलं. हत्ती जवळ आला तर वाघीण बिचकत नाही, आणि बछडे तर त्या ओंडक्याशीच खेळू लागतात. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनात चार बछडे डोळ्यांदेखत वाढताना दिसले.

वाघावरचे माहितीपट त्याआधीही भारतात झाले होते. बेलिंडा राइट आणि स्टॅन्ली ब्रीडन यांनी कान्हा आणि रणथंभोरमध्ये चित्रित केलेला ‘लँड ऑफ द टायगर’ १९८५चा. पुढे राइट यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि १९९४मध्ये चोरट्या शिकारीविरुद्ध लढणारी संस्थाच उभी केली. पेंचच्या मालिकेने मात्र वेगळं काही घडवलं. त्या चारांतली एक मादी पुढे ‘कॉलरवाली’ म्हणून प्रसिद्ध झाली. आठ वेतांत २९ बछड्यांना जन्म देऊन जानेवारी २०२२मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या अंत्यसंस्काराला आसपासच्या गावांतली माणसं आली. आता नागपूरकर वाघाला नावाने ओळखतो. ताडोब्याच्या माया वाघिणीवरही पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांनी ‘द क्वीन ऑफ तारू’ हा माहितीपट केला.

हे प्रेम खरं आहे आणि जंगलाला ते हवंच. पण त्याच काळात विदर्भात दुसरेही कॅमेरे फिरत होते. त्यांची आठवण किती जणांना आहे?

‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) या चित्रपटात दीपा भाटिया यांनी पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत शेतकरी आत्महत्यांचा माग काढला. २०११मध्ये मायका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ आला. यवतमाळ जिल्ह्यातलं तेलंग टाकळी गाव, बीटी बियाण्यासाठी सावकाराकडून उचललेलं कर्ज, पावसाची वाट पाहणारी पराटी म्हणजे कपाशी, आणि पत्रकार व्हायचं ठरवलेली गावातलीच एक मुलगी. बापाच्या आत्महत्येनंतर तीच गावाला प्रश्न विचारू लागते. ‘कॉटन फॉर माय श्राउड’ हा नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा चित्रपट त्याच वर्षीचा, आणि त्याला शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कोरडवाहू जमीन, महाग बियाणं, फवारणी, कर्ज हा सगळा गुंता त्यांनी पुराव्यानिशी मांडला. पर्यावरणाचं याहून नेमकं शिक्षण क्वचितच कुठे मिळालं असेल. पण या चित्रपटांची वाट प्रामुख्याने महोत्सवांची होती. ज्यांच्या शेतात ते घडलं, त्यांच्या घरच्या टीव्हीला त्यांची सवय कधी लागलीच नाही. २०१७मध्ये यवतमाळमध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. हातमोजे नाहीत, तोंडावर साधा रुमाल, उंच वाढलेल्या पराटीत वाऱ्याने उलटा येणारा फवारा: हे दाखवणारी मराठी फिल्म त्याआधी गावोगावच्या बाजारात लागली असती, तर काही जीव तरी वाचले असते.

वाघाच्या चित्रपटांतही एक माणूस बहुधा चौकटीबाहेरच राहिला. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाली. जंगल राखणाऱ्या अशा माणसांचा दिवस कसा असतो, हे सफारीला जाणाऱ्या प्रेक्षकाने एकदा तरी सलग तासभर पाहायला हवं.

नागपूरपुरतं बोलायचं तर विषय दारातच पडून आहे. जुलै २०२२मध्ये कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटला, आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपा तेव्हा भरपूर फिरल्या. कोळसा कुठून येतो, राख कुठे जाते, कोलार आणि कन्हान नद्यांत काय उतरतं आणि शहराच्या नळापर्यंत काय पोहोचतं, हे शोधत जाणारी फिल्म नागपूरच्याच एखाद्या तरुण चमूने मराठीत करावी. ती पहिल्यांदा दाखवावी ती खसाळ्यात, कोराडीत आणि खापरखेड्यात.