गाईला झगा, कुत्र्याला मोकळीक



गाय घ्यायची तर आपण आधी कास पाहतो. चारही सड सारखे आहेत का, धार नीट पडते का, हे पाहिल्याशिवाय दावे हाती धरत नाही. याच कासेला अमेरिकेत एकेकाळी अश्लील ठरवले होते, हे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का?

गोष्ट व्यंगचित्रपटांची, म्हणजे कार्टूनची आहे. १९२८ सालच्या 'स्टीमबोट विली' या वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रात मिकी माऊस डुकरिणीचे सड दाबून बाजाच्या पेटीसारखे वाजवतो. हा भाग पुढे बरीच वर्षे कापून दाखवत. गाईची कासही तेव्हा भली मोठी, हेलकावे खाणारी काढत. सेन्सॉर मंडळांच्या तक्रारी झाल्या आणि १९३१ साली निर्मात्यांच्या संघटनेने जाहीर केले की, यापुढे कास लहान तरी असेल, नाहीतर दिसणारच नाही. डिस्नेंची क्लॅराबेल गाय पुढे झगा घालूनच वावरू लागली.

त्याआधी १९३० च्या 'द शिंडिग'मध्ये ही गाय पेंढ्यावर पडून एलिनॉर ग्लिन यांची 'थ्री वीक्स' ही चावट म्हणून गाजलेली कादंबरी वाचत असते. दार वाजताच ती पुस्तक पेंढ्यात लपवते! ओहायो राज्याच्या सेन्सॉरने हे चालू दिले नाही. पण पोराला यात काय कळणार? गाय पुस्तक वाचते, एवढीच त्याची गंमत. खोच आईबापांसाठी. लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार.

आणि थोरांसाठी खोच असणारच. ही चित्रे थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवत, समोर सगळ्या वयाची माणसे बसलेली. टेलिव्हिजन आल्यावर तीच चित्रे 'मुलांची' झाली.

१९३४ पासून नियमावली कडक राबवली जाऊ लागली, तशा पळवाटाही निघाल्या. काही चित्रकार मुद्दाम जास्तीचा चावटपणा घालत, म्हणजे तो कापला जाऊन हवा तो राहावा. बैलबाजारात आपण किंमत चढवून सांगतो, तसेच! बॉब क्लॅम्पेट यांच्या १९४३ सालच्या 'अॅन इच इन टाइम'मध्ये एक पिसू कुत्र्याला छळते. बिचारा ढुंगण जमिनीवर घाशीत सुटतो, मध्येच थांबतो आणि प्रेक्षकांकडे पाहून म्हणतो की, आता पुरे, नाहीतर आवडायला लागेल. हे वाक्य सुटले. कास अडली, हे सुटले!

मोबाइलवर किंवा टीव्हीवर कार्टून लावून देऊन आपण धारेला निघून जातो. एखादे दिवशी पाच मिनिटे शेजारी बसा. पोर कुठे हसते आणि आपण कुठे हसतो, ते पाहा. कुत्र्याच्या वाक्याने पोर बिघडेल असे मला वाटत नाही. त्याला ते लागतच नाही. झाकलेल्या कासेचा प्रश्न मात्र त्याला पडतो.

परवा माझी सहा वर्षांची नात झग्यातली क्लॅराबेल पाहत होती. बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आजोबा, हिची धार कुठून काढतात?"