हुकूम पोचला, काम झालं का?

वादळात विजेच्या तारेवर फांदी पडते आणि क्षणात दिवे जातात. हे कुणी माणूस बटण दाबून करत नाही. उपकेंद्रातला संरक्षक रिले तारेतला प्रवाह सतत मोजत असतो. प्रवाह बेसुमार वाढला की तो कुणालाही न विचारता सर्किट ब्रेकरला इशारा देतो आणि लाइन तुटते.

हाच रिले आता दुसरंही काम करतो. लांबच्या नियंत्रण कक्षातला ऑपरेटर 'तोड' किंवा 'जोड' असा हुकूम संगणकावरून पाठवतो, आणि रिले तो ब्रेकरपर्यंत पोचवतो. हुकूम दोनच शब्दांचा. पण चुकीच्या ब्रेकरला गेला तर एखादं इस्पितळ अंधारात जाईल, किंवा वायरमन हात लावून उभा आहे ती तार जिवंत होईल. म्हणून या संभाषणाचे नियम फार काटेकोर असतात.

अशा संभाषणाची एक प्रचलित भाषा म्हणजे डीएनपी-३. ती १९९३ साली कॅनडात तयार झाली आणि २०१० मध्ये 'आयईईई १८१५' या नावानं मानक ठरली. तिच्यात हुकूम दोन टप्प्यांत देण्याची सोय आहे. हॉटेलात वेटर आपली ऑर्डर परत वाचून दाखवतो ना, तसंच. आधी नियंत्रण कक्ष सांगतो, 'अमुक क्रमांकाचा ब्रेकर निवड.' रिले तेच शब्द परत ऐकवतो. ते जुळले तरच 'आता कर' असा दुसरा संदेश जातो. तो पहिल्याशी तंतोतंत जुळला नाही, किंवा ठरलेल्या वेळेत आला नाही, तर रिले काम नाकारतो. एकाच टप्प्यात थेट हुकूम देण्याचीही सोय आहे. पण तिथं मधली पडताळणी होत नाही.

हुकमात वेळही लिहिलेली असते: रिलेचा संपर्क किती मिलिसेकंद मिटलेला ठेवायचा. एवढ्यात ब्रेकरच्या कॉइलला झटका मिळतो. कॉइलचा प्रवाह तोडण्याचं काम ब्रेकरमधल्या सहायक संपर्काचं. रिलेचा नाजूक संपर्क त्याआधीच सुटला तर तो जळू शकतो. म्हणजे वेळ कमी देऊनही भागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रिले 'यशस्वी' असं उत्तर देतो, त्याचा अर्थ काय? एवढाच, की हुकूम मी स्वीकारला. ब्रेकर खरोखर तुटला का, हे त्या उत्तरात नसतं. कॉइल जळलेली असेल, यंत्रणा अडकलेली असेल, तरी उत्तर 'यशस्वी'च येईल. ब्रेकरची खरी स्थिती त्याच्या सहायक संपर्कावरून वेगळ्या संदेशानं कळते. पोस्टमननं पत्र दिलं म्हणजे पाहुणा निघाला असं थोडंच असतं!

शिवाय उपकेंद्रात 'स्थानिक' आणि 'दूरस्थ' असा स्विच असतो. तो 'स्थानिक'वर असला की लांबून आलेला हुकूम नाकारला जातो. आत काम करणाऱ्यांचा हा मोठाच आधार. तसंच कुठला क्रमांक कुठल्या ब्रेकरचा, याचा तक्ता रिलेत आणि संगणकात एकच हवा. म्हणून नवं उपकेंद्र सुरू करताना एकेक हुकूम प्रत्यक्ष देऊन पाहावा लागतो.

या नियमांनाही मर्यादा आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तीन वीजवितरण कंपन्यांच्या ऑपरेटरांच्या संगणकांचा ताबा घेतला आणि तिथूनच ब्रेकर तोडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात होते. यंत्रांच्या दृष्टीनं ते हुकूम रीतसर होते. देणारे हात मात्र परके होते. अखेर कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हातानं ब्रेकर जोडले. हुकूम कुणाकडून आला याची ओळख पटवण्याची सोय मानकात आहे. पण ती वापरात आणावी लागते.

म्हणूनच खांबावर चढणारा वायरमन पडद्यावरच्या रंगावर विसंबत नाही. आयसोलेटर उघडून तारेतली फट डोळ्यांनी पाहायची, दाब नाही ना ते तपासायचं, अर्थिंग करायचं, आणि मगच हात लावायचा. हुकूम कितीही दूरवरून गेला, तरी शेवटची खात्री जागेवरच करायची असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)